वैकुंठाच्या पुढची चार घरे

सुरत हे नाव मराठी माणसाच्या कानी पडले की त्याला दोनच साले आठवतात. एक १६६४ आणि दुसरे १६७०. शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या झाल्या आणि सुरतेचे आमच्या इतिहासातील काम संपले, अशी आमची समजूत असते. ज्या शहरात आज लक्षावधी मराठी माणसे राहतात, ज्याच्या मागांवर खानदेशातील माणसांच्या पिढ्या खपल्या, त्या शहराच्या गल्ल्यांतून आम्ही इतिहासाचे बोट धरून कधी हिंडत नाही. मुख्य वाट चालून झाली, मुक्कामाला पोचलो, आता पुन्हा कशाला जायचे, असा हा हिशेब आहे. इतिहासाच्या अभ्यासात हा हिशेब खोटा ठरतो, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको. पण तो खेळातही खोटा ठरतो आणि आपल्या पूर्वजांनी तो खोटा ठरावा म्हणूनच एक खेळ रचला होता, ही गोष्ट आम्हांस स्वतःलाही सुरतेतच उमगली. ती कशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील मराठी वस्ती मुख्यतः खानदेशी. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि अमळनेर, नंदुरबारकडचा माणूस तापीच्या काठाकाठाने थेट तिच्या मुखापर्यंत येऊ लागला. येताना त्याने आपली भजने आणली, कानबाई आणली, गणपती आणला. सोंगट्यांचा पटही कोणी कोणी आणला असेल. पण तो माळ्यावर पडला. गेल्या चातुर्मासात एकादशीच्या दुपारी एका देवळाच्या सभामंडपात आम्ही असाच एक पट मांडला. तो जुना नव्हता. एका ७२ घरांच्या प्रचलित पटावरून आम्हीच कापडावर उतरवून घेतलेला मोक्षपट होता. खेळावयास चार मुले व त्यांच्यातीलच एकाची आजी बसली.

मुलांचे पहिले म्हणणे असे पडले की, ही तर सापशिडी. ही आम्ही बालवाडीत असतानाच खेळून संपवली. ‘संपवली’ हा शब्द आमच्या मनात राहिला. त्या मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर जे खेळ असतात त्यांना ती अशीच ‘संपवतात’. त्यांतील एक प्रकार अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग या नावाचा आहे. खेळणारा एका वीराचे सोंग घेतो. त्या वीराला एक मोठी कामगिरी दिलेली असते. वाटेत शत्रूंशी झुंजत, बळ व शस्त्रे वाढवीत तो ती पार पाडतो. पण त्या वाटेच्या दोन्ही अंगांना लहान लहान कामे पेरलेली असतात. कोणा म्हातारीचे हरवलेले भांडे शोधून द्यावयाचे, कोणा गावच्या विहिरीतील भूत घालवावयाचे, एखाद्या ओसाड देवळातील लेख वाचून यावयाचे. ह्यांस मुले साइड क्वेस्ट म्हणतात. आपण आडकामगिऱ्या म्हणू. त्या केल्या नाहीत तरी खेळ संपतो. म्हणून घाईचा गडी त्या सोडून देतो आणि शेवट पाहून खेळ मिटवतो. एखादाच असा असतो की शेवट पाहून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो, राहिलेली विहीर व राहिलेले देऊळ पाहून येतो आणि मग म्हणतो की, खेळ मला आता कळला. कोंकणींत ‘खेळ सोंपलो’ म्हणतात ते पडदा पडल्यावर. पण दशावतारी काल्याला जाणाऱ्या प्रेक्षकाला ठाऊक असते की कथा संपली तरी खेळ संपत नाही, तो पुढल्या जत्रेला पुन्हा उभा राहतो.

खेळाचे आणि देवळाचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त फाशांनी नागवलेल्या जुगाऱ्याचे आहे. महाभारताचा सारा अनर्थ द्यूतसभेतून उगवतो. असे असूनही आपल्या परंपरेने खेळाला हद्दपार केले नाही. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहविला, त्यात राजाच्या क्रीडांना एक संपूर्ण विभाग दिला आहे. नर्मदेकाठी ओंकारेश्वराच्या मंदिरात तर आजही शयनआरतीच्या वेळी देवापुढे चौसर मांडतात. रात्री शिवपार्वती येऊन खेळतात, अशी श्रद्धा आहे. डाव कोणी जिंकला हे कोणी विचारीत नाही. दुसऱ्या रात्री पट पुन्हा मांडला जातो. आमच्या सुरतेत पुष्टिमार्गाची बाळकृष्णलालजींची प्रसिद्ध हवेली आहे. त्या संप्रदायाच्या सेवेतही ठाकुरजींपुढे खेळणी व चोपाट मांडण्याची रीत आहे. देव जिंकण्यासाठी खेळत नाही, तो खेळण्यासाठी खेळतो, हाच या मांडणीचा अर्थ. आपण ज्याला लीला म्हणतो ती हीच.

संतांनी हा अर्थ ओळखला होता. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे, हुतुतू आहे. तुकोबांच्या गाथेत टिपरी, चेंडू, हमामा, फुगडी असे खेळच्या खेळ उभे राहतात. अध्यात्म सांगावयास त्यांना अंगणातील मुलांचा खेळ पुरला. ज्ञानेश्वरांच्या नावावर तर परंपरेने एक स्वतंत्र खेळच घातला आहे. तो म्हणजे मोक्षपट. निवृत्तिनाथ व ज्ञानदेव भिक्षेस जात तेव्हा घरी राहिलेल्या सोपान व मुक्ताबाई या धाकट्या भावंडांचे मन रमावे म्हणून त्यांनी तो रचला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका ही आख्यायिकाच. तिला आम्ही प्रमाण म्हणून पुढे करीत नाही. परंतु मराठीत मोक्षपट होता, त्यावर कवड्यांनी खेळत आणि त्याला जन्मापासून मोक्षापर्यंत घरे होती, याला पुरावा आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात असे पट सापडले. पुण्याचे ग्रंथपाल व संशोधक वा. ल. मंजूळ आणि डेन्मार्कचे अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसन यांच्या शोधातून त्यांकडे लोकांचे लक्ष गेले. श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम हिंदुस्थानातील या खेळावर कोपनहेगन विद्यापीठास २०१९ साली प्रबंध सादर केला. त्यांच्याही पूर्वी, १९८५ साली, अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी या पटांवर विस्तृत लेख लिहिला होता. आमचा खेळ आम्ही माळ्यावर टाकला आणि परदेशी पंडितांनी त्यावरील धूळ झाडली, ही गोष्ट अभिमानाची की संकोचाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गुजरात व राजस्थान हे या खेळाचे मोठे घर. तेथे त्याला ज्ञानचौपड किंवा ग्यानबाजी म्हणतात. वैष्णवांचा पट ७२ घरांचा असतो, जैनांचा ८४ घरांचा. सूफी पंथाच्या मुसलमानांनीही आपला १०१ घरांचा पट केला होता. जैन मंडळी पर्युषणात उपवासाच्या दिवशी हा खेळ खेळत. सुरतेच्या गोपीपुऱ्यात जैनांची देरासरे व ग्रंथभांडारे दाटीने आहेत. जैन ग्रंथांच्या प्रकाशनात विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्यांनी मोठे काम केले तो देवचंद लालभाई पुस्तकोद्धार फंडही याच शहरातला. ज्या नगरीत शास्त्र लिहून जपण्याची अशी हौस, त्या नगरीचा शेजार या खेळाला लाभला होता. खेळाच्या साहित्याशीही सुरतेचा संबंध आहे. मालदीव बेटांतील कवड्या ज्या बंदरांतून पश्चिम हिंदुस्थानात उतरत, त्यांत सुरत एक होते. आणि सुरतेच्या सदेली कारागिरांचे कसब तर जगाने वाखाणले. लाकूड, हस्तिदंत व धातू यांच्या बारीक कांड्या एकत्र जुळवून त्यांचे आडवे पातळ काप काढावयाचे व ते पेटीवर किंवा पटावर बसवावयाचे, असे हे काम आहे. साहेबलोकांच्या बुद्धिबळाचे व सोंगट्यांचे पट अशा नक्षीने मढवीत. सुरत म्हणजे केवळ लुटीचे शहर नव्हे, तेथे खेळाचे सामानही घडत होते, एवढे ध्यानी ठेवावे.

आता खेळाकडे वळू. सापशिडी व मोक्षपट यांत फरक काय, हे पटावर बोट ठेवूनच सांगता येईल. ७२ घरांच्या पटात नऊ नऊ घरांच्या आठ ओळी असतात. सोंगटी तळाच्या ओळीतून निघते, कडेला पोचली की वरच्या ओळीत चढते आणि उलट दिशेने चालू लागते. प्रत्येक घराला नाव आहे. पहिले घर जन्म, दुसरे माया. मग क्रोध, लोभ, भूलोक, मोह, मद, मत्सर आणि नववे काम. म्हणजे पहिली संपूर्ण ओळ षड्रिपूंची व संसाराची. तीतून कोणाचीच सुटका नाही. पुण्यवान काय नि पापी काय, सगळ्यांना तेथूनच चालावे लागते. पुढे दहाव्या घरी तप आहे. तेथली शिडी तेविसाव्या स्वर्गात जाते. बाविसावे घर धर्माचे. त्याची शिडी साठाव्या सुबुद्धीपर्यंत पोचते. शेहेचाळिसावा विवेक, तो बासष्टाव्या सुखाला नेतो. उलट चोविसाव्या घरी कुसंग बसला आहे, तो सातव्या मदात टाकतो. चव्वेचाळिसाव्या घरची अविद्या थेट नवव्या कामापर्यंत खाली नेते. बावन्नावी हिंसा पस्तिसाव्या नरकात. विसावे घर दानाचे आहे. कवड्यांनी जे पडते तेही दान आणि हातून जे सुटते तेही दान. मराठीने दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे, यातही काही सूचन असावे.

या सगळ्यांत दोन जागा अशा आहेत की त्यांवर कितीही वेळ विचार केला तरी तो अपुराच पडावा. पहिली जागा सहाव्या ओळीच्या टोकाची. तेथे चोपन्नावे घर आहे भक्तीचे. तिची शिडी दुसरीकडे कोठेही न थांबता थेट अडुसष्टाव्या घरात, वैकुंठात, जाते. खेळातील सर्वांत थोर शिडी हीच. पण भक्तीला लागूनच, ओळ वळते तेथे, बरोबर तिच्या डोक्यावर, पंचावन्नावे घर आहे अहंकाराचे. त्याचा साप दुसऱ्या घरात, मायेत, आणून सोडतो. एका कवडीचे अंतर. चार पडावयाचे ते पाच पडले की वैकुंठाच्या दारातून माणूस पाळण्यापर्यंत घसरतो. देवळात नित्य येणाऱ्या, उत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या, पालखीला पुढे खांदा देणाऱ्या आम्हां मंडळींना यापेक्षा उघड इशारा कोणी कीर्तनकार देणार नाही. भक्तीपासून सर्वांत दूर असलेले पाप कोणते, हे विचारले तर आम्ही हिंसा म्हणू, चोरी म्हणू. पण भक्तीला खेटून असलेले पाप कोणते, याचे उत्तर पटाने आपल्या मांडणीतच देऊन ठेवले आहे.

दुसरी जागा पटाच्या माथ्यावरची. सामान्य समजुतीने पटाचे शेवटचे घर म्हणजे मोक्ष. या पटात तसे नाही. सर्वांत वरच्या ओळीत चौसष्टपासून बहात्तरपर्यंत नऊ घरे आहेत आणि वैकुंठ त्यांच्या अगदी मध्यभागी, अडुसष्टावे आहे. त्याच्या पुढे आणखी चार घरे उरतात. ती म्हणजे ब्रह्मलोक, सत्त्वगुण, रजोगुण व तमोगुण. वैकुंठ ओलांडून जो पुढे गेला, तो या चार घरांतून सरकत सरकत बहात्तराव्या तमोगुणात पोचतो आणि तेथला साप त्याला एक्कावन्नाव्या घरात, पृथ्वीवर, आणून टाकतो. म्हणजे पटाचा शेवट गाठणे आणि खेळाचे साध्य गाठणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. शेवटच्या घराकडे डोळे लावून धावणाऱ्याला हा खेळ पृथ्वीवर परत पाठवतो.

त्या एकादशीला नेमके हेच घडले. एका मुलाची सोंगटी सतराव्या घरी पडली. ते घर दयेचे. दयेची शिडी पटातील सर्वांत उंच. ती सतरातून एकदम एकोणसत्तराव्या ब्रह्मलोकात जाते. मुलाने टाळी पिटली. इतरांची सोंगटी अद्याप मोहात व मत्सरात अडकली होती आणि हा वैकुंठाच्याही पुढे जाऊन बसला होता. मग त्याला नियम सांगितला की, ब्रह्मलोक हे वैकुंठ नव्हे. आता तू पुढे तमोगुणात जाणार, तेथून पृथ्वीवर येणार आणि पुन्हा चालणार. मुलगा रुसला. “आजी, मग दया करून उपयोग काय?” असे त्याने विचारले. आजी अहिराणी वळणाच्या मराठीत एवढेच म्हणाली, “बाळा, उपयोग पाहून केली तर ती दया कसली? आणि पृथ्वीवर येशील ना, तेव्हा मोज. भक्ती तिथून तीनच घरं आहे.”

आम्ही मोजले. एक्कावन्नपासून चोपन्न, तीनच घरे. मधल्या बावन्नावर हिंसा आहे. तीनाच्या जागी चार पडले तर पंचावन्नावा अहंकार आहे. पण तीन पडले तर भक्ती आहे. ज्याला दयेने उंच नेले त्याला पट जन्माच्या घरी, अगदी तळाशी, टाकीत नाही. पृथ्वीवर, मनुष्यलोकात, भक्तीच्या हाकेच्या अंतरावर आणून ठेवतो. हा खाली येण्याचा फेरा शिक्षेसारखा दिसतो. पण जे पाहावयाचे राहिले ते पाहण्यासाठी दिलेली ती दुसरी संधी आहे, असे आम्हांस त्या दिवशी वाटले. आमच्या दर्शनांत पुनर्जन्माचा जो विचार आहे, त्याचे याहून सोपे चित्र आम्ही पाहिलेले नाही.

आडकामगिऱ्यांचा मुद्दा येथे येतो. साप वारंवार लागले नाहीत तर एका डावात सोंगटी फार तर वीस-पंचवीस घरांना टेकते. बहात्तरांपैकी उरलेली घरे आपण पाहिलेलीच नसतात. कोणी नशिबाने पहिल्याच डावात भक्तीच्या शिडीने वैकुंठी गेला, तर त्याने ना दान पाहिले, ना विवेक, ना सुविद्या. तो जिंकला; पण त्याला पट कळला नाही. म्हणून जुने लोक हा खेळ एका बैठकीत पुन्हा पुन्हा खेळत. हरलेल्याला दुसरा डाव हवा असतो हे खरे. परंतु येथे जिंकलेल्यालाही तो हवा असे. सोंगटी ज्या घरी टेकेल त्याचे नाव मोठ्याने वाचावयाचे, ठाऊक असेल तर त्या घराची कथा सांगावयाची, मग पुढले दान टाकावयाचे, अशा रीतीने खेळल्यास पटाचे पुराण होते.

इंग्रजांनी हा खेळ नेला. लंडनमध्ये १८९२ साली एफ. एच. एअर्स या व्यापाऱ्याने सापशिडीचा एक पट नोंदविला. आरंभीच्या विलायती पटांवर काटकसर, पश्चात्ताप, आळस अशी तिकडची नीतीची नावे होती. हळूहळू तीही गळून पडली आणि उरले ते आकडे, साप व शिड्या. हाच शंभर घरांचा मुका पट मग छापून आपल्याकडे परत आला आणि आपण तो विलायती खेळ म्हणून मुलांच्या हाती दिला. खेळ परत आला, घरांची नावे आली नाहीत. नावे गेल्याबरोबर पुन्हा खेळण्याचे कारणही गेले, कारण सत्तावन्न आणि अठ्ठावन्न या आकड्यांत पाहण्यासारखे काय असणार? ज्याला वाटेत थांबण्याजोगे काही उरले नाही, त्याला शेवट गाठण्याचीच घाई होणार. मुलांनी बालवाडीतच खेळ ‘संपवला’ यात त्यांचा दोष नाही. आम्ही त्यांना घरे दिलीच नव्हती.

असा विसर एकाच खेळाच्या वाट्याला आला असे नाही. कोंकणपट्टीच्या वाचकांना सावंतवाडीचा गंजिफा ठाऊक आहे. गंजिफाचा उल्लेख बाबराच्या काळापासून मिळतो. १५२७ साली त्याने सिंधमधील शाह हसनला ही पाने पाठविली होती. आपल्याकडे त्याच पानांवर दशावतार आले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. दिवसा खेळताना रामाचे पान उतरण्याचा मान, रात्री कृष्णाचे. हा खेळ व त्याची कला मावळू लागली तेव्हा राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या चिताऱ्यांना राजवाड्यात आणून ती पुन्हा उभी केली. पाने आज विकत मिळतात, परदेशी पाहुणे ती भिंतीवर टांगतात. पण ती पाने वाटून डाव मांडणारे किती, हा प्रश्न उरतोच. वस्तू जपली म्हणजे खेळ जपला असे होत नाही. खेळ जपावयाचा तर तो खेळावा लागतो.

या पार्श्वभूमीवर नव्या यंत्रखेळांकडे तुच्छतेने पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या सभामंडपातीलच दुसऱ्या एका मुलाने आम्हांस एक गोष्ट दाखविली. पुण्यात नोडिंग हेड्स गेम्स नावाची एक लहान संस्था आहे. श्रुती घोष, अविचल सिंग व इयन मॉड हे तिचे संस्थापक. त्यांनी ‘राजी’ नावाचा खेळ रचला. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा २०१७ सालचा प्रयत्न फसला होता; तरीही नेटाने काम करून त्यांनी तो २०२० साली प्रसिद्ध केला. मुलांच्या वर्गवारीत तो अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर प्रकारात बसतो. मोठ्या भूमिकाखेळांतील आडकामगिऱ्यांचा पसारा त्यात नाही. राजी ही सर्कशीतली मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात. दुर्गा तिला आपला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. राजस्थानी किल्ल्यांच्या वळणाच्या इमारती, पहाडी शैलीची आठवण देणारी भित्तिचित्रे, बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेले प्रसंग असे त्याचे रूप आहे. २०२२ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी वाणीही आली.

हा खेळ लहान आहे. चपळ हाताचा मुलगा तो एका सुट्टीच्या दिवसात संपवतो. या मुलानेही तसाच संपविला होता. पण त्यात वाटेवरच्या भिंतींपाशी राजी थांबली की तेथली चित्रे पाहता येतात आणि दुर्गा व विष्णू त्या देवकथा बोलून सांगतात. थांबले नाही तरी पुढे जाता येते. असुरांशी लढण्याच्या भरात हा मुलगा किती तरी भिंतींवरून तसाच धावून गेला होता. मोक्षपटाचा डाव झाल्यावर तो आठ-दहा दिवसांनी आला आणि म्हणाला की, मी तो खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळलो व या वेळी प्रत्येक भिंतीपाशी थांबलो. तेथे ऐकलेली एक कथा त्याने आम्हांस सांगितलीही. आम्ही ती लहानपणी कीर्तनात ऐकली होती, त्याने यंत्रात ऐकली. कथा तीच होती.

येथे आमच्या काही वृद्ध मित्रांचा आक्षेप आम्ही जाणून आहोत. देवतांना खेळात आणणे हा त्यांचा अवमान नव्हे काय, असे ते विचारतात. त्यांना आम्ही ओंकारेश्वरचा चौसर दाखवू, ठाकुरजींची चोपाट दाखवू. देव खेळात येण्याने बाटत नाहीत. त्यांना घाईत ओलांडून जाण्याने मात्र आपण काहीतरी गमावतो. आक्षेपाची खरी जागा वेगळी आहे. यंत्राचा खेळ एकट्याने खेळतात, तेथे शेजारी आजी नसते. दयेविषयीचा प्रश्न त्या यंत्राला विचारता येत नाही, आणि विचारला तरी ‘तिथून तीनच घरं आहे’ असे ते म्हणणार नाही. म्हणून यंत्राचा खेळ हवा असेल त्याने खेळावा, पण पटही मांडला जावा, असे आमचे मत आहे.

सुरतेतील मराठी घरांना तर याची गरज अधिक. त्या दुपारी मुलांना घरांची नावे वाचता आली. देवनागरी अक्षरे त्यांना शाळेतील हिंदीमुळे येतात. पण अक्षरे लागली तरी अर्थ लागेना. ‘मत्सर’ म्हणजे काय, हे एकाला सांगता आले नाही. ‘कुसंग’ हे कोणा राक्षसाचे नाव असावे असे दुसऱ्याला वाटले. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती, शाळेत तिसरेच काही, अशा तिपेडी संसारात ही मुले वाढतात. त्यात त्यांचे काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु मत्सर हा शब्द ज्याच्या घरातून गेला त्याला स्वतःच्या मनातला मत्सर ओळखावयास एक खूण कमी पडते. दोन डावांनंतर तीच मुले एकमेकांना ‘अरे, कुसंगात पडला’ म्हणून चिडवू लागली. शब्दकोश देऊन जे साधले नसते ते सहा कवड्यांनी साधले.

यास खर्च फार नाही. दीड हात कापड, थोडा रंग, मूठभर कवड्या आणि नावे नीट वाचू शकेल असे एक वडीलधारे माणूस एवढे पुरते. आपल्या देवळांच्या सभामंडपांतून एकादशीच्या दुपारी, गणपतीच्या दिवसांत आरत्यांच्या मधल्या वेळी असा पट मांडता येईल. पटाखाली बक्षिसाची पाटी मात्र लावू नये. बक्षीस लागले की पुन्हा शेवटच्या घराकडे डोळे लागतील. पहिला डाव कोणीही जिंको. दुसऱ्या डावाला जो बसेल, आणि आपण काल कोणत्या घरी थांबलो नव्हतो ते शोधील, त्याच्यासाठी हा पट आहे.

तो रुसलेला मुलगा त्या दिवशी तमोगुणातून पृथ्वीवर आला. पुढच्या दानाला त्याला एक पडले आणि तो हिंसेच्या घरातून नरकात गेला. दिवेलागण झाली, आरतीची घंटा वाजली, पट गुंडाळावा लागला. उठताना त्याने आपल्या सोंगटीचे घर, पस्तीस, हातावर पेनाने लिहून घेतले आणि पुढच्या एकादशीला येथूनच सुरुवात करायची, असे आम्हांस बजावले.